पाणी केव्हा येतें

३ जून, तंजावूर

उद्या पहाटे निघायचं. पुष्कळ वर्षांनी पुन्हा दैनंदिनी लिहायला घेतली आहे, आणि तीही मराठीत, बालबोध अक्षरांत. आजोबांनी लहानपणी ही अक्षरं माझ्याकडून घोटून घेतली होती. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी बोलणारी घरं अजून आहेत, पण वाचणारा बहुधा मीच उरलो. धनलक्ष्मी बोलते, वाचत नाही. तिला मराठी लिहायचं झालं तर ती तमिळ अक्षरांत लिहिते. तेव्हा इथे काहीही लिहायला हरकत नाही.

साईराम गेला त्याला आता वर्ष होईल. कावेरीला नवं पाणी आलं आणि थोड्याच दिवसांत मित्रांबरोबर तिरुवैयारूला पोहायला गेला. उन्हाळ्यात पात्रातली वाळू उपसून खड्डा केलेला होता. वरून पाणी सगळीकडे सारखंच दिसतं. अठरा वर्षांचा मुलगा, पोहता येणारा, खाली ओढला गेला.

आता मी त्याच्या सायकलवरून कावेरीच्या काठाकाठाने वर उगमापर्यंत, तलकावेरीला जाणार. वाटेत लोकांशी बोलायचं, देणग्या गोळा करायच्या. राममूर्तीच्या लहानशा ट्रस्टकडे पैसे जमतील आणि घाटावर एक नाव, जाकिटं आणि शिकलेली दोन जीवरक्षक माणसं ठेवता येतील. राममूर्ती माझा शाळेपासूनचा मित्र. कल्पना त्याची, पाय माझे. कॉलेजच्या ऑफिसातून रजा मिळाली आहे.

सायकल वर्षभर व्हरांड्यात उभी होती. धनलक्ष्मी ती रोज पुसायची. आज मी चेनला तेल घातलं, हवा भरली, मागे पिशव्या बांधल्या, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. दुसऱ्या कोणाची सायकल मिळाली नसती का, एवढंच तिने विचारलं. मिळाली असती. पण ह्याच सायकलला अर्थ आहे, लोकांच्या मनाला हेच भिडतं, असं राममूर्ती म्हणाला होता, तेच मी तिला सांगितलं. त्यावर ती आत वळली. तिला पटलं असावं.

४ जून, कल्लणै

निघताना गल्लीतले पाच-दहा जण जमले होते. शेजारच्या गंगाबाई अत्तेंनी हार घातला, राममूर्तीने फोटो काढले. धनलक्ष्मी बाहेर आली नाही. तिचं डोकं दुखत होतं.

तिरुवैयारूच्या पुलावर मी थांबलो नाही. पात्र कोरडं आहे, नुसती वाळू आणि शेळ्या. उजव्या हाताला, खाली नारळीची बाग आहे तिथे ती जागा. मी समोर बघून पायडल मारत राहिलो.

संध्याकाळी घरी फोन केला. जेवलीस का विचारलं, हो म्हणाली. मग तिने विचारलं, "पाणी केव्हा येतें?" मला वाटलं घरच्या नळाचं विचारते आहे. नाही, कावेरीचं. मेट्टूरचं धरण बाराला उघडायचं म्हणतात, मग तीन-चार दिवस, असं मी सांगितलं. बरं म्हणाली.

बरं वाटलं. वर्षभरात तिने आपणहून पहिल्यांदाच काही विचारलं.

७ जून, करूर

मांड्या सोलवटल्या आहेत. उजवा गुडघा सकाळी वाकत नाही, दहा-पंधरा मिनिटं लंगडल्यावर मोकळा होतो. एक्कावन्न वर्षांच्या माणसाने हे करायचं नसतं, असं आज एका पेट्रोल पंपावरच्या माणसाने तोंडावर सांगितलं, आणि मग देणगीही दिली.

कुळित्तलैला एका शाळेत मुलांसमोर बोललो. सुट्टी नुकतीच संपलेली. साईरामबद्दल सांगताना माझा आवाज नीट राहिला. नंतर मला त्याचीच भीती वाटली. आता मी ते इतक्यांदा सांगितलं आहे की सांगताना काहीच होत नाही, जणू दुसऱ्याचा मुलगा.

इथे खरं लिहायला हरकत नाही. सायकलवर बसलो की मला बरं असतं. ऊन, उतार, लॉरी, पुढचं गाव, एवढंच डोक्यात राहतं. घरी संध्याकाळ झाली की ती त्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसते, दिवा लावत नाही, आणि मी बाहेरच्या ओट्यावर बसून राहतो. आत जाऊन काय बोलायचं ते वर्षभरात मला सुचलं नाही. निघालो तेव्हा पहिल्या वळणावर छाती हलकी झाली होती. हे कोणाला सांगता येणार नाही.

फोनवर ती म्हणाली, हल्ली ती सकाळी फिरायला जाते. कुठे, विचारलं तर म्हणाली, इथेच. मी म्हटलं, फार चांगलं, घराबाहेर पडलं पाहिजे. पाण्याचं आजही विचारलं.

९ जून, ईरोड

आज मागचं चाक दोनदा पंक्चर. काल रात्री लॉजवर डासांनी झोपू दिलं नाही. वाटेत उलटी झाली. नदी इथे काळी आहे, वास मारतो. दुपारी एका चिंचेखाली बसून रडलो, कशासाठी ते कळलं नाही. म्हणजे साईरामसाठी नाही. त्याच्यासाठी रडणं मला ओळखता येतं.

संध्याकाळी गंगाबाई अत्तेंचा फोन आला. धनलक्ष्मीने घर लख्ख केलं म्हणाल्या. साईरामचे कपडे धुऊन, इस्त्री करून अनाथाश्रमात देऊन आली. अत्तेंकडून कधीतरी आणलेली भांडीही परत केली, वर त्यांना आपलं निळं रेशमी लुगडं दिलं. मज आता काय होणें, म्हणजे मला आता काय हवं, असं म्हणाली. अत्तेंना लुगड्याचा आनंद झाला होता, पण आवाज जरा घुटमळत होता. तूं एकदा येऊन जातोस कां, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी त्यांना समजावलं, की हे चांगलं लक्षण आहे. ज्या माणसाने वर्षभर एक शर्ट हलवू दिला नाही, त्याने कपडे देऊन टाकणं म्हणजे जखम भरत आली. अत्ते म्हणाल्या, तुज ठाऊक.

मी निघालो ते तिच्याही भल्याचं झालं म्हणायचं. एकटं राहिल्यावर माणूस सावरतो.

१२ जून, मेट्टूर

आज धरणाचे दरवाजे उघडले. मी पुलाच्या कठड्याला टेकून बघत होतो. लोकांनी फुलं टाकली, हळद टाकली, बायका हात जोडून उभ्या होत्या. पाणी पांढरं उडत खाली कोसळलं आणि ओरडल्याशिवाय शेजारच्याचं ऐकू येईना. मला गर्व वाटला, जणू मीच पाणी घरी पाठवत होतो.

लगेच तिला फोन केला. इतकं मन लावून तिने माझं कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. तिरुवैयारूला नक्की केव्हा पोचेल, ते तिने विचारलं. मी तिथल्या एका इंजिनिअरला विचारून पुन्हा फोन केला, की कल्लणैचा बांध पंधराला उघडतील, तुमच्याकडे सोळाला येईल. तिने विचारलं, "सकाळी कां रात्री?" सकाळी, बहुधा उजाडता उजाडता. ती म्हणाली, "सकाळ बरी."

मग तिने मी जेवलो का विचारलं. गुडघ्याला तेल लावता का, असंही नीट, पहिल्यासारखं विचारलं. शेवटी म्हणाली, "तुम्ही शेवटपर्यंत जा. मध्ये परतूं नका."

तिचा आवाज इतका स्वच्छ होता. मला एवढं बळ कोणाच्याच शब्दांनी आलं नव्हतं. राममूर्तीला सांगितलं, तोही भारावला.

१४ जून, महादेश्वर डोंगर

कालपासून चढ. जंगलाचा रस्ता, वळणावर वळण. सायकल हातात धरून चढवली. पावलागणिक थांबत होतो. दुपारी अंगात थंडी भरली. देवस्थानाच्या यात्री निवासात खोली मिळाली. ताप आहे. फोनला रेंज नाही.

१५ जून

उठवत नाही. शेजारच्या खोलीतल्या एका कुटुंबाने पेज आणून दिली. हिशोब लावला तर अर्धा रस्तासुद्धा झाला नाही. शरीर थकलं की माणसाला आपली कामं फोल वाटू लागतात, एवढंच असेल. पण आज असंही मनात आलं, की नाव आली, जाकिटं आली, तरी मी घरी जाऊन संध्याकाळी कुठे बसणार आहे?

१६ जून

ताप उतरला. पाय कापतात. आज सकाळी तिकडे पाणी पोचलं असेल. ती बघायला गेली असेल. रोज विचारत होती. तिने नदीकडे तोंड करून उभं राहायचं धाडस केलं, तर मला वाटेल की ह्या सगळ्या खटाटोपाचं सार्थक झालं.

उद्या डोंगर उतरून कोळ्ळेगाळ.

१७ जून, बसमध्ये

अक्षर हलतंय. लिहिलं नाही तर मी ओरडेन.

सकाळी डोंगर उतरताना रेंज आली आणि फोन थरथरतच राहिला. गंगाबाई अत्तेंचे किती फोन. धनलक्ष्मी काल अंधार असतानाच गेली आणि रात्री घरी आली नाही. किल्ली अत्तेंच्या दाराखालून आत सरकवलेली. राममूर्तीचा नंबर अत्तेंकडे नाही. म्हातारीला चालवत नाही, ती रात्रभर माझा एकच नंबर फिरवत होती.

अत्तेंनी आणखी एक सांगितलं. फिरायला जात नव्हती ती. रोज पहिल्या बसने तिरुवैयारूला जात होती. बसमध्ये अत्तेंच्या भाचीने पाहिलं होतं. अत्ते मला हे ईरोडलाच सांगणार होत्या. मी त्यांना जखम भरत आल्याचं सांगत बसलो.

राममूर्तीला फोन केला. नारळीच्या बागेखाली जा, म्हटलं. खड्डा आहे तिथे. मला त्याला धड काही सांगता येईना. तो निघाला.

सायकल कोळ्ळेगाळला एका हॉटेलच्या मागे टाकली. कुलूपही लावलं नाही बहुतेक.

पाणी केव्हा येतें. सकाळी कां रात्री. मी इंजिनिअरला विचारून सांगितलं. धावत जाऊन विचारलं. तिला बरं वाटावं म्हणून.

मध्ये परतूं नका.

दिंबमचा घाट. रेंज नाही. ड्रायव्हरला हळू जातोस म्हणून ओरडलो, लोकांनी मला खाली बसवलं. एक बाई पाणी देते आहे. मला पाणी नको आहे.

देवा, तिला शोधू दे. नाव नको, काही नको.

सत्यमंगलम. राममूर्तीचा फोन आला. आहे. जिवंत आहे. काठावर बसली आहे, माझ्याशी बोलत नाही आणि येतही नाही, असं तो म्हणाला. बरं, म्हणून मी फोन ठेवला आणि मग किती वेळ काहीच दिसलं नाही. बस ईरोडला थांबली तेव्हा सगळे उतरून गेले होते आणि कंडक्टर माझा खांदा हलवत होता.

१८ जून, तिरुवैयारू

बस बदलत बदलत आज उजाडता पोचलो. नदी भरून नव्हती, पण दोन्ही काठांना लागून वाहत होती, तांबूस, मधे पालापाचोळा. ती बागेच्या खालच्या पायरीवर बसली होती. साडी चिखलाने कडक झालेली. ओठ फुटलेले. समोर पाण्यात सुरूच्या काठ्या गोल रोवलेल्या होत्या आणि प्रत्येक काठीला तांबड्या कापडाची पट्टी बांधलेली होती. तिच्याच लुगड्याचा पदर फाडलेला. खड्डा.

राममूर्ती दूर उभा होता. त्याला मी घरी पाठवलं.

मी शेजारी बसलो. ती माझ्याकडे वळली नाही. पलीकडून काही पोरं पाण्यात उतरली, तशी ती उठली आणि तमिळमध्ये अशी कडाडली की ती पोरं लांब वरच्या अंगाला गेली. तिचा आवाज पार बसला होता. दोन दिवस ती हेच करत होती.

उशिरा, अंधार पडता पडता, तिने सांगितलं. माझ्याकडे न बघता, डाळीला फोडणी कशी घालायची ते सांगावं तसं.

मी निघालो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती येत होती. पात्र कोरडं असताना खड्डा स्पष्ट दिसायचा. ती त्यात उतरून बसायची. तळाशी वाळू गार असते म्हणाली, आणि तिथे कोणी काही विचारत नाही. सोळाला ती अंधारातच येऊन बसली होती. पाणी येईपर्यंत बसायचं, आणि आल्यावरही बसायचं.

पण कावेरीचं पहिलं पाणी भिंतीसारखं येत नाही. ते बोटभर येतं, फेस आणि वाळकी पानं पुढे ढकलत, चालत्या माणसाच्या वेगाने. आणि गावची सगळी पोरं त्याच्या पुढे पुढे उलट्या पावलांनी नाचत येतात. ती पोरं येऊन खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. अम्मा, तण्णी वरुदु, पाणी येतंय, वर या, म्हणाली. ती म्हणाली, तुम्ही जा. पोरं जाईनात. त्यांना ती गंमत वाटली असावी. एक जण हात द्यायला खाली उतरला, त्याच्या मागून दुसरा. काठाची वाळू ढासळायला लागली, पाणी घोट्याशी आलं, आणि ती दोन्ही पोरं तिच्याबरोबर खाली.

"मी त्यांना वर ढकललं," ती म्हणाली. "त्यांच्यामागून वर आले. नाहीतर ती पुन्हा उतरली असती."

मग ती जाऊ शकली नाही. पाणी वाढलं की खड्डा झाकला जाणार, हे तिला दिसत होतं. बागेच्या राखणदाराकडून तिने काठ्या मागितल्या आणि छातीइतकं पाणी व्हायच्या आत रोवल्या. रात्री पायरीवरच बसली, पहाटे कोणी उतरेल म्हणून.

मी तिचा हात धरायला गेलो. तिने तो काढून घेतला नाही, पण बोटं मिटली नाहीत.

"मी रोज विचारत होते, पाणी केव्हा येतें. कां विचारते, तें तुम्ही एकदा विचारलं नाही."

मी म्हणालो, मला वाटलं तू सावरते आहेस.

"तुम्हांस तसं वाटलेलं होणें होतं," ती म्हणाली. तुम्हाला तेच हवं होतं. आणि मग काठ्यांकडे बघत, "मी तुमच्यासाठी वर नाही आले. हें तुम्हांस ठाऊक असूं दे."

मी ते इथे शब्दाला शब्द लिहून ठेवतो आहे.

२० जून

ती घरी फक्त आंघोळीला आणि झोपायला येते. पहिल्या बसने जाते. मीही जातो. मला जागा वेगळी दाखवली आहे, वरच्या पायरीवर. दिवसभर दोघंही पाण्याकडे लक्ष ठेवतो. गंगाबाई अत्ते डबा देतात, उडदाचं डांगर आणि भात. काल तिने अर्धा खाल्ला आणि उरलेला माझ्याकडे सरकवला.

राममूर्ती आला होता. लोकांना हे कळलं पाहिजे म्हणाला, एक फोटो घेऊ, आणि गुडघा बरा झाला की तू कोळ्ळेगाळपासून पुढे सुरू कर, देणारे विचारताहेत. वाईट माणूस नाही तो. धनलक्ष्मी पायरीवरून उठून त्याच्यासमोर उभी राहिली. त्याने फोन खिशात ठेवला. जे जमलं आहे त्याची नाव घे, मी त्याला म्हटलं, मी पुढे जाणार नाही.

रात्री माझं मन थाऱ्यावर नसतं. ती झोपली आहे का ते पाहायला पुन्हा पुन्हा उठतो. श्वास ऐकतो. हे किती दिवस चालेल ठाऊक नाही. ती बरी आहे असं मी आता कुठे लिहिणार नाही.

आज संध्याकाळी ती त्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली. मी ओट्यावरून उठून आत गेलो. बोलायला काहीच सुचलं नाही, म्हणून नुसता शेजारी बसलो. उंबरा दोघांना अपुरा आहे.

२३ जून

वरून पाणी वाढवलं आहे. सकाळी पोचलो तर प्रवाहाच्या बाजूच्या दोन काठ्या आडव्या झालेल्या. शाळेला सुट्टी होती, पोरं यायला सुरुवात झालेली.

ती पदर खोचून उतरायला लागली. मी म्हटलं, मी जातो. तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मला धड पोहता येत नाही हे तिला ठाऊक आहे. राखणदाराकडे विहिरीचा दोर होता. तिने तो माझ्या कमरेला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळलं. नारळाच्या बुंध्याला बांध, म्हटलं, तर नको म्हणाली.

पाणी छातीला लागलं तेव्हा पायाखालची वाळू सरकत होती. पहिली काठी सापडली, वजन टाकून रोवली. दुसरीसाठी पुढे गेलो आणि डावा पाय एकदम कुठेच टेकला नाही. खाली थंड होतं, वरच्या पाण्यापेक्षा पुष्कळ थंड. साईरामला शेवटी हे लागलं असेल. वर्षभरात मी असा त्याच्याजवळ गेलो नव्हतो. एक क्षण वाटलं, थोडं थांबावं.

दोर कमरेत करकचून बसला. मी मागे खेचला गेलो, काठीला धरून उभा राहिलो, खोकलो. वळून पाहिलं तर ती गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरली होती, पाय रोवून, दोन्ही हातांनी दोर छातीशी धरून. मनगट कापलं होतं.

काठी रोवली. पट्टी पुन्हा बांधली. मग मी तिच्या दिशेने चालत आलो, आणि मी काठाला पोचेपर्यंत तिने दोर तसूभरही सैल सोडला नाही.